तेविसावा खांब

१

देगलूरात माझ्या वाट्याला चारशे साठ खांब आहेत. माझा नवरा आनंदराज एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. तो म्हणतो, "खांब कुठं पळून जात न्हाईत, ब्रेक फेल होत न्हाईत. तुझी नोकरी लई सुखाची." मी म्हणते, "एक दिवस शिडीवर चढून बघ."

मी महामाया सोनकांबळे, रस्त्यांवरच्या दिव्यांची वायरमन. लोक 'वायरमनबाई' म्हणतात. शिडी धरायला भागवतमामा असतात. पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगानं आडवे, बोलणं अखंड. दुपारी तक्रारी गोळा करायच्या, चारला निघायचं, अंधार पडायच्या आत बंद दिवे चालू करायचे, असा आमचा रोजचा दिवस. दिवा लागला की कुणी मान वर करून बघत नाही. नाही लागला की मात्र सगळ्या गल्लीला आमचं नाव पाठ असतं.

दिवाळीनंतर टाकी रोडला नवे दिवे आले. टाकी रोड म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यापासून जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंतचा सरळ रस्ता. एकूण बावीस खांब. टाकीपाशी रस्ता संपतो, पुढं मुरमाचं मोकळं रान आणि बाभळी. हे दिवे सेन्सरचे होते. रस्ता रिकामा असला की मंद जळायचे, खालून कुणी चाललं की भक्कन मोठे व्हायचे आणि माणूस पुढं गेला की अर्ध्या मिनिटात परत मंद. वीज वाचते म्हणे.

भागवतमामांना पहिल्याच संध्याकाळी वेड लागलं. एका खांबाखालून दुसऱ्या खांबाखाली ते लेकरांसारखे जाऊ-येऊ लागले.

"आवो ताई, बगा की! म्या आलो की दिवा उठून उभा राहतंय! लग्नातसुद्धा मला कुनी येवढा मान दिला न्हाई."

पहिल्या खांबाखाली लक्ष्मम्माचा भज्यांचा गाडा असतो. ती तेलुगू-मराठीची मिसळ बोलते. ती हसून म्हणाली, "मामा, दिव्याला काय कळतंय? म्हैस गेली तरी उठतंय ते."

२

तक्रार आली ती शेवटच्या खांबाची. बाविसाव्या खांबासमोर शंकरप्पा गुरुजींचं घर आहे. चाळीस वर्षं गणित शिकवलेले, आता एकटेच राहतात. मुलगी ऋतुजा लातूरला बँकेत आहे. गुरुजी मला 'तंगी' म्हणतात. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

"तंगी, रोज सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या दारातला दिवा मोठा होतो," ते म्हणाले. "खाली कोणी नसतं. मी ओट्यावरच बसलेला असतो, बघत."

"वटवाघूळ असेल गुरुजी. नाहीतर बाभळीची फांदी हलली असेल."

"रोज सात-दहाला?"

गणिताच्या मास्तरांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी शिडी लावली, सेन्सरची काच पुसली, त्याची संवेदनशीलता एक घर कमी केली. खाली उतरले तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, "एक काम कर. हे ऋतुजाच्या कानावर घालू नकोस. मागच्या महिन्यात मी गॅस चालू ठेवून विसरलो होतो. तेव्हापासून ती मला लातूरला न्यायला टपली आहे. तिला वाटतं, बाबांचं डोकं चालत नाही आता. आणि हे ऐकलं की..."

"न्हाई सांगत," मी म्हणाले. "आणि उद्या मी स्वतः येऊन बसते."

३

दुसऱ्या दिवशी सातला मी आणि भागवतमामा गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसलो. गुरुजींनी चहा केला, साखर दोनदा घातली. थंडी पडू लागली होती. समोरचा अख्खा रस्ता दिसत होता. मंद दिव्यांची ओळ, आणि पार टोकाला लक्ष्मम्माच्या गाड्यावरचा कायम मोठा असलेला पहिला दिवा.

सात-पाच झाले. दुसरा दिवा मोठा झाला.

"कुनीतरी येऊन राहिलं," मामा म्हणाले.

तिसरा झाला. चौथा झाला, तोवर दुसरा मंद झाला. पाचवा. दोन खांबांत पंचवीस पावलांचं अंतर आहे. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत तेवढाच वेळ लागत होता, जेवढा दमून घरी निघालेल्या माणसाला लागतो. घाई नाही, रेंगाळणं नाही. उजेड आमच्याकडं चालत येत होता आणि त्या उजेडाच्या खाली फक्त डांबर होतं.

बारावा. पंधरावा. एकोणिसाव्याला मामांनी कप खाली ठेवला. विसावा. एकविसावा.

गुरुजींच्या फाटकासमोरचा बाविसावा दिवा भक्कन मोठा झाला. आम्हा तिघांच्या तोंडावर पांढरा उजेड पडला. आम्ही तिघं फाटकाबाहेरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत बसलो. अर्ध्या मिनिटानं दिवा मंद झाला.

"गेला," मामा पुटपुटले.

"कुठं?" मी विचारलं. पुढं रस्ताच नव्हता.

गुरुजी मात्र एकदम खूश दिसत होते. "म्हणजे तुम्हालाही दिसलं ना?" ते म्हणाले. "थांबा, आणखी चहा टाकतो."

रात्री झोप येईना. हे दिवे एकमेकांना जोडलेले नाहीत. प्रत्येकाचा सेन्सर वेगळा, एकानं दुसऱ्याला सांगायचा प्रश्नच नाही. सकाळी मी कंपनीच्या इंजिनीअरला फोन लावला. "सर, तुम्ही रोज चाचणी म्हणून ओळीनं दिवे लावता का?" तो म्हणाला, "मॅडम, ते दिवे आम्हाला इथून लावताच येत नाहीत."

आनंदराज म्हणाला, "वाऱ्यानं होत असंल."

"वारा घड्याळ बघून येतो का?"

"मग रोज कुनीतरी येत असंल," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. त्याला सगळं सोपं असतं.

४

आठवड्याभरात अख्ख्या टाकी रोडला कळलं. मला वाटलं, लोक घाबरतील, मोर्चा आणतील. तसं काहीच झालं नाही. लोकांनी त्याचं नाव 'पाव्हणा' ठेवलं. सात वाजले की ओट्याओट्यांवर माणसं येऊन बसू लागली. बायका शेंगा निवडत बसायच्या. पोरं आकडे ओरडायची, "सात! आठ! नऊ!" एका खांबाशी पाव्हणा किंचित रेंगाळला की कुणीतरी म्हणायचं, "चप्पल तुटली वाटतं." सगळे हसायचे.

लक्ष्मम्मा दुसरा दिवा मोठा झाला की झारा कढईवर आपटून सांगायची, "वच्चिंडु! आला आला!" पोरांनाही ते तेलुगू पाठ झालं. एकदा तिनं दोन मिरची भजी कागदात बांधून दुसऱ्या खांबाशी ठेवली. सकाळी तशीच होती. "तिखट चालत न्हाई त्याला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कांद्याची ठेवली.

भीती मलाही उरली नव्हती. रोज वेळेवर येणाऱ्या, कुणाला त्रास न देणाऱ्या गोष्टीची भीती किती दिवस बाळगणार? मी तर आनंदराजलाही एकदा दाखवायला घेऊन गेले. तो सगळं बघून म्हणाला, "डेपोत असा एक ड्रायव्हर पाहिजे होता."

मग एके दिवशी गुरुजींनी तो प्रश्न विचारला. आम्ही ओट्यावरच होतो. पाव्हणा नुकताच गेला होता, माणसं घरात पांगत होती, हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते.

"तंगी," ते म्हणाले, "हा रोज जातो. बरोबर?"

"हाव."

"परत येताना पाहिलास कधी?"

मी विचार केला. दिवे बावीसपर्यंत जायचे, पण बावीसपासून एकपर्यंत कधीच आले नव्हते. गुरुजींनी पहाटे पाचपर्यंत जागून पाहिलं होतं.

"मग हा एकच माणूस रोज कसा जाईल?" त्यांनी वहीतलं उदाहरण समजावून सांगावं तसं सांगितलं. "परत आल्याशिवाय पुन्हा जाता येत नाही. म्हणजे रोज वेगळा आहे. आज एकतिसावा."

मी टाकीकडं बघितलं. बाभळींच्या अलीकडं मुरमाचा मोकळा तुकडा होता. तिथं खांब नव्हता, त्यामुळं अंधार होता.

"एकतीस," गुरुजी म्हणाले. "आणि तिथून पुढं वाट नाही."

५

पुढच्या आठवड्यापासून बाविसावा दिवा मंद होईना.

आधी पाच मिनिटं मोठा राहायचा, मग तासभर. संक्रांतीला तर सहाला लागला तो थेट उजाडेपर्यंत तसाच. गुरुजींच्या खिडकीतून अंथरुणावर दिवसासारखा उजेड पडायचा. ते डोळ्यांवर पंचा बांधून झोपू लागले.

मी सेन्सर बदलला. नवाही तसाच. या सेन्सरचं एक आहे. माणूस खाली अगदी निश्चल उभा राहिला तर अर्ध्या मिनिटात तोही त्याला विसरतो आणि दिवा मंद होतो. दिवा सतत मोठा राहायचा असेल तर खाली काहीतरी सारखं हलायला पाहिजे. रेशनच्या रांगेत माणूस या पायावरून त्या पायावर भार टाकतो, मान वळवून मागं बघतो, तेवढं जरी हललं तरी पुरतं. ही गोष्ट मी मामांना सांगितली नाही.

गुरुजींचे डोळे सुजले, एकदा ते न्हाणीघरात घसरले आणि शेजाऱ्यांनी लातूरला फोन केला. मग ऋतुजाचा मला फोन आला. आवाज चांगल्या घरच्या शिकलेल्या मुलीचा, पण रडवेला.

"ताई, बाबा म्हणतात दाराशी गर्दी झाली आहे. एकवीस-बावीस करत असतात. मला खरं सांगा, तिथं कोणी असतं का?"

"कोणी नसतं," मी म्हणाले. खोटं बोलले असं मला वाटलं नाही. आणि खरं बोलले असंही वाटलं नाही.

"मग मी रविवारी येते आणि त्यांना घेऊन जाते. त्यांनी कितीही नाही म्हटलं तरी."

गुरुजींना मी हे सांगितलं. त्या घरातली प्रत्येक वीट त्यांनी उभं राहून बसवून घेतली होती. "दिवा नीट झाला तर ती ऐकेल," एवढंच म्हणाले. "बघ काही होतंय का, तंगी."

कंपनीच्या इंजिनीअरनं फोनवर तोडगा सांगितला. शेवटच्या सेन्सरला पुढच्या मोकळ्या रानातलं सगळं दिसतं, म्हणून तो गोंधळतो. पुढं आणखी एक खांब रोवा, रानाकडं तो बघेल. बाविसावा आपोआप शांत होईल. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. शनिवारी दुपारी मुरमात खड्डा खणून आम्ही तेविसावा खांब उभा केला.

६

सहाला दिवे लागले. तेविसावा लागला तोच पूर्ण मोठा. मंद झालाच नाही.

मामा आणि मी लांब, एकविसाव्यापाशी जाऊन उभे राहिलो, म्हणजे आमच्यामुळं तो जळत नाही याची खात्री व्हावी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पांढऱ्या उजेडात रिकामा मुरूम चकाकत होता.

"सेन्सरवर काळी पट्टी लावते," मी म्हणाले. "मग तो आंधळा होईल. आधी पुरवठा बंद करून घेऊ."

मी शिडी लावली, मामांनी धरली, मी वर गेले. पश्चिमेला अजून थोडा तांबूस उजेड होता. शिडी दोन तुकड्यांची आहे, अॅल्युमिनियमची. मुरमावर ती जागेवर राहत नाही, सारखी डुगडुगते. म्हणून मामांसारखा वजनदार माणूस खाली लागतो. पण त्या दिवशी ती सिमेंटात रोवल्यासारखी घट्ट होती. मामांचं कौतुक वाटलं.

दिवा विझला. मी झाकण उघडलं. "मामा, पक्कड द्या वर," मी हात खाली करून म्हणाले.

पक्कड हातात आली नाही.

"मामा?"

"बंद केला बगा ताई!" मामांचा आवाज आला, पण लांबून. विसाव्या खांबापाशी पुरवठ्याची पेटी आहे, तिथून. "लागला का न्हाई तुमचा हात? म्या आलोच, हलू नका. शिडी सोडून आलोय!"

मी हलले नाही. मग मीच मुद्दाम एका पायावर भार टाकून बघितला. शिडी हलली पाहिजे होती. ती हलली नाही. उलट खालून कुणीतरी पकड आणखी घट्ट केल्यासारखी बारीक थरथर दोन्ही दांड्यांमधून वर आली. दोन्ही बाजूंनी. आणि दोनच हातांची नव्हे.

मी खाली बघितलं.

लांबचा मुरूम दिसत होता, बाभळींचे बुंधे दिसत होते, गुरुजींचं फाटक दिसत होतं. फक्त शिडीच्या भोवती जमीन दिसत नव्हती. तिथं अंधार दाट होता आणि तो दाटीवाटीनं उभा होता. एवढंच मी पाहिलं. डोळे रोखून पाहिलं असतं तर आणखी काही दिसलं असतं. मी रोखले नाहीत.

पण खरं सांगते, ओरडावंसं वाटलं नाही. पडू नये म्हणून जो आपल्याला धरतो त्याच्यावर ओरडणार कसं? माझ्या तोंडून बाजारात निघतं तेच निघालं.

"जरा सरका. उतरते मी."

आणि शिडीच्या एका बाजूला मुरूम दिसू लागला. आधी एक चतकोर, मग माणूसभर रुंदीची पट्टी, थेट गुरुजींच्या फाटकापर्यंत. मी एकेक पायरी उतरले, इकडंतिकडं न बघता त्या पट्टीवरून चालत गेले आणि फाटकाला हात टेकले.

मामा धापा टाकत आले. शिडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ताई, शिडी कुनी धरली व्हती मग?"

"होते चारजण," मी म्हणाले.

मामा हसले. आणि मग थांबले.

ओट्यावर गुरुजी उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. मला पाण्याचा तांब्या दिला. मी प्याले. मग त्यांनी विचारलं, "वाईट आहेत का गं?"

"न्हाई गुरुजी," मी म्हणाले. "सरका म्हटलं की सरकतात."

गुरुजींनी किती दिवसांनी पोटभर श्वास सोडला, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "मग राहू देत," ते म्हणाले. "पण तो उजेड तेवढा बंद कर बाई. मला झोप पाहिजे."

मी बाविसाव्या आणि तेविसाव्याचा सेन्सर काढून टाकला. मामांनी शिडी सोडली नाही, पण डोळे गच्च मिटून घेतले होते. दोन्ही दिवे रात्रभर मंदच राहतील असे जोडले.

७

रविवारी ऋतुजा आली. रिकामी मोठी बॅग घेऊनच आली होती. पण बाबा रात्री आठ तास झोपलेले, दाढी केलेले, स्वयंपाकघरात गुणगुणत भाकरी थापताना सापडले. गॅसच्या बटणाशेजारी त्यांनी खडूनं 'बंद?' असं लिहून ठेवलं होतं. दिवसभर ती त्यांची परीक्षा घेत राहिली. तारखा विचारल्या, औषधं विचारली, तेवीसचा पाढा विचारला. ते सगळ्यात पास झाले.

संध्याकाळी ती लातूरच्या गाडीला निघाली. बॅग रिकामीच परत चालली होती. मी बाजारात निघालेच होते म्हणून बरोबर चालू लागले, गुरुजी पोचवायला आले. सात-पाचला आम्ही फाटकातून बाहेर पडलो. बाकीचे दिवे सेन्सरचेच होते. आमच्याबरोबर एकेक मोठा होत होता.

"खरं सांगू ताई," ऋतुजा म्हणत होती, "इथल्या लोकांनीच बाबांच्या डोक्यात भरवलं होतं. पाव्हणा काय, गर्दी काय! बरं झालं तुम्ही ते दिवे दुरुस्त केलेत. शिकलेल्या माणसांनी तरी..."

ओट्यांवर माणसं येऊन बसली होती. पोरं आज आकडे ओरडत नव्हती. लांबून कढईवर झारा आपटल्याचा आवाज आला. समोरून दुसरा दिवा मोठा झाला. तिसरा झाला. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. ऋतुजा बोलतच होती. लातूरचं पाणी, बँकेतली बदली, पुढच्या महिन्यात येते.

बाराव्या आणि तेराव्या खांबाच्या मध्ये ऋतुजानं चालता चालता खांदा वळवला, दाटीच्या बाजारात समोरून येणाऱ्याला वाट द्यायला वळवतो तसा. बॅग अंगाशी ओढून घेतली. बोलणं न थांबवता म्हणाली, "सॉरी हं." आणि पुढं बोलत राहिली.

तीसेक पावलं गेल्यावर तिचं बोलणं थांबलं.

ती वळून बघायला लागली. आमच्या पाठीमागं चौदावा दिवा मोठा होत होता. खाली डांबर होतं, स्वच्छ, रिकामं.

"बाबा," ती बारीक आवाजात म्हणाली, "मी आत्ता कोणाला सॉरी म्हणाले?"

ओट्यावरच्या एका म्हातारीला हसू आवरलं नाही. मग पोरं हसली, मग सगळा रस्ताच हसला. गुरुजींनी लेकीचा हात धरून तिला हलकेच रस्त्याच्या कडेला घेतलं.

"चल," ते म्हणाले, "गाडी चुकेल. आणि अशी कडेनं चाल."